ओटीपी दिलात म्हणजे सही केलीत

पत्र :

ताई, मी ठाण्यात राहते, वय ४३. घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. खर्च जाऊन वर्षाला साडेतीन लाख सुटतात. ह्यांचा पगार अठ्ठावीस लाखांच्या आसपास आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये ह्यांनी आपल्या बचतीतले पंधरा लाख माझ्या नावावर एफडीत टाकले. बँकेत मी दोन-तीन ठिकाणी सह्या केल्या, कशावर ते आठवत नाही. बाबांनी जाताना माझ्या नावे ठेवलेली पाच लाखांची एक एफडी वेगळी आहे.

माझं रिटर्न हेच भरतात. जेवणं झाली की लॅपटॉप उघडतात आणि आतून विचारतात, "ओटीपी काय आला गं?" मी भांडी आवरता आवरता आकडा सांगते. माझा सहभाग एवढाच. गेल्या महिन्यात मला आयकर खात्याचा मेसेज आला की २०२४-२५ या वर्षातलं बँकेचं व्याज तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाही. हे म्हणाले, "घरचाच पैसा आहे. टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही. तू लक्ष देऊ नकोस." न्यू जर्सीला असलेली बहीण म्हणते, आमच्याकडे नवरा-बायको एकच रिटर्न भरतात, कटकट नाही. आपल्याकडे तसं करता येतं का? आणि पुढच्या वेळी ओटीपी सांगू की नको? विचारलं की ह्यांना वाटतं मी संशय घेते.

ता. क. माझी भाची पुण्यात लग्न न करता जोडीदाराबरोबर राहते. त्यांनी असे पैसे एकमेकांना दिले तर चालतात का?

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना "कशावर ते आठवत नाही" या शब्दांशी थांबले. त्या सह्यांपैकी एक कशावर होती, ते मी जवळजवळ खात्रीने सांगू शकते. बँकेने व्याजावर टीडीएस कापला नाही, त्या अर्थी तुम्ही १५जी फॉर्म दिलेला आहे. एकदा बँकेत जाऊन त्याची प्रत मागा आणि खालचं घोषणापत्र वाचा. बारीक अक्षरात आहे, चष्मा लावून वाचा. माझ्या या वर्षीच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य येतो, असं तुम्ही त्यात लिहून दिलं आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट लिहून दिली आहे : या फॉर्ममधलं उत्पन्न कलम ६० ते ६४ खाली दुसऱ्या कुणाच्या उत्पन्नात धरलं जाणारं नाही.

नेमकं तेच तुमच्या बाबतीत खरं नाही. पंधरा लाखांचं व्याज कलम ६४ खाली तुमच्या यजमानांच्या उत्पन्नात धरलं जातं.

आधी बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते छोटं आहे. नाही, भारतात नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरता येत नाही. दोन पॅन, दोन रिटर्न. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, जोडप्यांना एकत्र रिटर्नचा पर्याय द्यावा अशी सूचना सरकारला केली होती. पण ज्या वर्षांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांना लागू असलेल्या कायद्यात असा पर्याय नाही. अमेरिकेत तो आहे. २०२५ या वर्षासाठी तिथे एकत्र भरणाऱ्या जोडप्याला ३१,५०० डॉलरची प्रमाणित वजावट मिळते, वेगवेगळं भरलं तर प्रत्येकी १५,७५०. पण बहिणीला एक गोष्ट जरूर कळवा. एकत्र रिटर्नवर दोघांची सही असते आणि त्यातल्या पूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर, प्रत्येकावर पूर्णच्या पूर्ण असते. नवऱ्याने एखादं उत्पन्न लपवलं, तर उद्या घटस्फोट झाल्यावरही तिथलं खातं तिच्याकडे वसुलीला येऊ शकतं. त्यातून सुटायला "मला हे माहीत नव्हतं" म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं नाही. कटकट तिथेही आहे, फक्त ती रिटर्न भरताना दिसत नाही.

आता तुमच्याकडे येते.

नवऱ्याने बायकोला पैसे देणं हा गुन्हा नाही. नवऱ्याकडून मिळालेल्या भेटीवर बायकोला टॅक्स पडत नाही, रक्कम कितीही असो. ते पंधरा लाख आज तुमचे आहेत. यजमानांनी ते खरोखर दिले असतील तर मालकी तुमची. कायदा फक्त एवढंच म्हणतो की पुरेसा मोबदला न घेता जोडीदाराला दिलेल्या पैशातून जे उत्पन्न येतं, त्यावरचा टॅक्स देणाऱ्याने भरायचा. प्रेम आणि माया हा मोबदला धरला जात नाही. यालाच सगळे क्लबिंग म्हणतात.

ही तरतूद आजची नाही. १९३७ साली इंग्रजांच्या काळातल्या आयकर कायद्यात ती आली. त्याचं कारण तुमच्या घरात आहे तेच. ज्याचा टॅक्सचा दर जास्त, त्याने कमी दर असलेल्या माणसाच्या नावावर पैसे ठेवायचे आणि व्याज तिथून दाखवायचं. यजमानांचा दर ३० टक्के. वर सेस धरला की ३१.२. पंधरा लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं १,०५,०००. ते त्यांच्या रिटर्नमध्ये आलं तर टॅक्स ३२,७६०. तुमच्या रिटर्नमध्ये आलं तर शून्य. तुमच्या घरी तर ते दोन्हीकडे आलेलं नाही.

म्हणून "टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही" हे वाक्य मनातून काढून टाका. टीडीएस ही आगाऊ वसुली आहे. ती झाली नाही म्हणून मूळ देणं फिटत नाही. हा गैरसमज मी शिकलेल्या, मोठ्या पगाराच्या माणसांच्या तोंडून दर जुलैत ऐकते. त्यामुळे तुमच्या यजमानांनी मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक त्यांना हे खरंच वाटत असावं.

पण बँक व्याजाची माहिती आयकर खात्याला कळवतेच, आणि पॅन ज्याचा त्याच्या नावाने कळवते. तुमच्या ई-फायलिंगच्या खात्यात एआयएस म्हणून एक पत्रक असतं. त्यात दोन्ही एफडींचं व्याज वर्षवार लिहिलेलं सापडेल. मेसेज तुम्हाला आला तो त्यावरूनच.

या रविवारी दोघं बसा आणि एका कोऱ्या कागदावर तुमच्या नावावरच्या पैशांचे तीन ढीग करा. तुमच्या नावावर आहे ते सगळं कायद्याच्या दृष्टीने एकसारखं नाही. सगळा घोळ या तीन ढिगांची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

पहिला ढीग बाबांचा. ते पाच लाख आणि त्यावरचं व्याज पूर्णपणे तुमचं आहे. वडिलांकडून मुलीला आलेल्या पैशाला क्लबिंग लागत नाही. लग्नात माहेरहून आलेलं सोनं उद्या मोडलंत, तर त्यावरचा नफाही तुमच्याच रिटर्नमध्ये येणार. सात टक्के धरले तर बाबांच्या एफडीचं व्याज ३५,०००. शिकवण्यांचे साडेतीन लाख आणि हे ३५,००० मिळून ३,८५,०००. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. तुम्हाला एक रुपयाही भरावा लागत नाही. तरीसुद्धा ते ३५,००० तुमच्या रिटर्नमध्ये दिसलेच पाहिजेत. मागच्या वर्षी ते दाखवले गेले नाहीत याचं मला वाईट वाटलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. बाबांनी तुमच्यासाठी ठेवलेला पैसा उजळ माथ्याने तुमच्या नावापुढे लिहिलेला असावा.

दुसरा ढीग शिकवण्यांचा. त्यावर तुमच्याशिवाय कुणाचाच हक्क नाही. पण मला सांगा, तो ढीग आज आहे का? तुमच्यासारख्या कितीतरी घरांत मी एकच चित्र बघते. बायकोची कमाई किराणा, दूध, क्लासची फी, मोलकरणीचा पगार यांत जाते आणि नवऱ्याच्या पगारातून गुंतवणूक होते. मग नवरा टॅक्स वाचवायला तीच गुंतवणूक बायकोच्या नावावर करतो आणि क्लबिंगमध्ये अडकतो. हे उलट करा. घरखर्च पूर्णपणे यजमानांच्या पगारातून चालवा. तुमचे साडेतीन लाख एका वेगळ्या खात्यात येऊ द्या आणि तिथूनच थेट एफडीत किंवा म्युच्युअल फंडात जाऊ द्या. घरातला एकूण पैसा तेवढाच राहतो, पण त्यातून येणारं उत्पन्न स्वच्छपणे तुमचं होतं. जे फायदे तुमच्या यजमानांना आडवाटेने हवे होते, त्यातले बरेच या सरळ वाटेने मिळतात, कुठेही खोटी सही न करता. मला विचाराल तर पत्रातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा बदल महत्त्वाचा आहे. दहा वर्षांनी तुमच्या हातात तुमच्या कष्टाचे पैसे असतील.

तिसरा ढीग त्या पंधरा लाखांचा. त्याचं व्याज दरवर्षी यजमानांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. त्यांच्या रिटर्नच्या फॉर्ममध्ये, म्हणजे आयटीआर-२ मध्ये, त्यासाठी वेगळं परिशिष्ट आहे. तिथे तुमचं नाव, पॅन, नातं आणि रक्कम भरायची. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. मूळ पंधरा लाखांचं व्याज त्यांच्या माथी येतं, पण ते व्याज तुम्ही वेगळं गुंतवलंत तर त्या नव्या गुंतवणुकीचं उत्पन्न तुमचं. १,०५,००० ची वेगळी एफडी केलीत, तर तिच्यावरचे ७,३५० तुमच्या रिटर्नमध्ये. एफडी मुदतीअखेर एकदम व्याज देणारी असेल तर हा हिशेब गुंतागुंतीचा होतो. म्हणून मी माझ्या अशिलांना सांगते, व्याज दर तिमाहीला खात्यात घ्या आणि तिथून पुढे न्या. कागद आपोआप बोलतो.

पैसे भेट न देता यजमानांनी रीतसर व्याजाने उसने दिले, लेखी करार केला आणि तुम्ही दर वर्षी बँकेतून खरंच व्याज चुकवलंत, तर क्लबिंग लागत नाही. पण ते व्याज त्यांचं उत्पन्न होतं. एफडीसाठी हा खटाटोप करण्यात अर्थ नाही. पीपीएफची गोष्ट वेगळी. तुमच्या पीपीएफमध्ये त्यांनी वर्षाला दीड लाखापर्यंत भरले, तरी त्याच्या व्याजावर कुणालाच टॅक्स नाही, त्यामुळे क्लबिंग झालं तरी फरक पडत नाही. फ्लॅट तुमच्या नावावर करून द्यायचा विचार असेल तर मात्र थांबा. मोबदल्याशिवाय बायकोच्या नावे केलेल्या घराचा मालक आयकरापुरता नवराच धरला जातो, आणि भाडं त्याच्याच रिटर्नमध्ये येतं.

झालेली चूक कशी निस्तरायची? तुम्हाला आलेल्या मेसेजला उत्तर द्या, गप्प बसू नका. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीपुढे प्रतिसाद द्यायची सोय आहे. पंधरा लाखांच्या व्याजापुढे "ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे" हा पर्याय निवडा आणि यजमानांचा पॅन द्या. बाबांच्या एफडीपुढे माहिती बरोबर असल्याचं सांगा. ते व्याज धरूनही तुमचा टॅक्स शून्यच राहतो. पण हा प्रतिसाद देण्याआधी यजमानांचं अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरून झालेलं असू दे. नाहीतर तुम्ही बोट दाखवलंत आणि तिकडे काहीच नाही, असं होईल.

आयटीआर-यूला दंडासारखी जादा रक्कम लागते, आणि उशीर होईल तशी ती वाढते. २०२४-२५ या वर्षासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जादा. म्हणजे ३२,७६० वर ८,१९०, शिवाय महिन्याला एक टक्क्याने व्याज आणि त्या व्याजावरचे पंचवीस टक्के. २०२३-२४ साठी एक वर्ष आधीच उलटलं आहे, तिथे जादा रक्कम ५० टक्के, म्हणजे किमान १६,३८०. पुढच्या मार्चनंतर ती ६० टक्के होईल. २०२५-२६ चं व्याज मात्र आता ३१ जुलैपर्यंत भरायच्या नेहमीच्या रिटर्नमध्येच घाला, तिथे ही दंडासारखी जादा रक्कम नाही. हे पैसे भरताना जड जाईल, मला कळतं. पण आज ते स्वतःहून भरले तर विषय टॅक्सचा राहतो. खात्याने काढून दाखवले तर विषय खोट्या घोषणापत्राचा होतो, आणि ते घोषणापत्र तुमच्या सहीचं आहे. आणखी एक. यजमानांनी या व्याजावरचा टॅक्स भरला नाही, तर त्या हिश्शाची वसुली खातं कलम ६५ खाली तुमच्याकडून करू शकतं. "घरचाच पैसा" म्हणणाऱ्या प्रत्येक नवऱ्याने हे कलम वाचावं असं मला फार वाटतं.

बँकेला यापुढे त्या एफडीसाठी असलं घोषणापत्र देऊ नका. टीडीएस कापला जाऊ द्या.

आता ओटीपी. आधार ओटीपी टाकून रिटर्न पडताळणं म्हणजे सही करणं. कायद्याच्या नजरेत त्यात फरक नाही. तुम्ही भांड्यांच्या आवाजातून आकडा सांगता, तेव्हा या रिटर्नमधलं सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं आणि पूर्ण आहे, असं तुम्ही सरकारला सांगत असता.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा जाऊन तीन महिने झालेले. एका कापडी पिशवीत कागद होते, रबरबँडने बांधलेले. अकरा वर्षं त्यांच्या नावाने रिटर्न भरलं जात होतं. त्यांना पासवर्ड माहीत नव्हता. नोंदवलेला ईमेल नवऱ्याचा होता. मोबाईल नंबरही नवऱ्याचाच, आणि मुलाने ते सिम बंद केलं होतं. कुठल्या बँकेत त्यांच्या नावावर काय आहे हे त्यांना माझ्यासमोर, माझ्या स्क्रीनवर पहिल्यांदा कळलं. त्या रडल्या नाहीत. "माझंच आहे ना हे सगळं?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या नवऱ्याने काही वाईट केलेलं नव्हतं. तो चांगला माणूस होता, बायकोला कटकट नको म्हणून सगळं स्वतःच करायचा.

म्हणून यजमानांशी बोलताना विश्वासाचा विषय काढूच नका. त्यांना म्हणा, "मला माझं रिटर्न कसं भरतात ते शिकवा." गणित शिकवणाऱ्या बाईला बेरीज-वजाबाकीची भीती नसते, हे त्यांनाही माहीत आहे. ओटीपी द्या, पण लॅपटॉपसमोर बसून, शेवटचं पान वाचून झाल्यावर स्वतः टाईप करा. भांडी अर्ध्या तासाने घासली तरी चालतात. आणि ई-फायलिंगच्या खात्यात नंबर व ईमेल तुमचाच आहे ना, हे आजच बघून घ्या. नसेल तर बदलून घ्या.

हे सदर गोव्यातही वाचलं जातं, म्हणून एक गोष्ट तिथल्या वाचकांसाठी. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत असलेल्या जोडप्यांना वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नका. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात त्यांच्यासाठी कलम ५ए आहे. पगार ज्याचा त्याचा, पण भाडं, व्याज, धंद्याचा नफा हे सगळं नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही, परिशिष्ट ५ए असलेला फॉर्म लागतो आणि त्यात जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो. ठाण्यातल्या जोडप्याला मिळत नाही ती वाटणी मडगावच्या जोडप्याला कायद्यानेच मिळते. तरी तिथले कितीतरी लोक आयटीआर-१ भरून मोकळे होतात.

भाचीच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. लग्न नाही म्हणजे कायद्याच्या भाषेत ते पती-पत्नी नाहीत, म्हणून क्लबिंग नाही. पण ते नातेवाईकही ठरत नाहीत. त्यामुळे एका वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून आलेल्या भेटी मिळून ५० हजारांच्या वर गेल्या, तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नव्हे. समलिंगी जोडप्यांनाही आज हाच नियम लागतो, आणि त्याला आव्हान देणारी याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आहे. भाचीला सांगा, भाडं आणि घरखर्च वाटून घ्यायला हरकत नाही, पण कुणी किती दिले याची नोंद दोघांनी ठेवावी. मोठी रक्कम द्यायची झाली तर ती उसनी म्हणून, लेखी करून, बँकेतूनच द्यावी. लग्नाआधी दिलेल्या पैशाला पुढे लग्न झालं तरी क्लबिंग लागत नाही, कारण देताना आणि उत्पन्न येताना, दोन्ही वेळी पती-पत्नीचं नातं असावं लागतं. हे तिला तारीखवार लिहून ठेवायला सांगा.

१५जीची प्रत मिळाली की मला कळवा. सही कुठल्या तारखेची आहे आणि तिन्ही वर्षांचे फॉर्म दिले गेलेत का, ते बघून यजमानांच्या आयटीआर-यूमध्ये काय लिहायचं ते सांगते.